चार मुंडणे

या मासिकाच्या पानांवर देवस्थानांचे इतिहास, संतांची चरित्रे, सणावारांची महती आणि कोंकणी ओव्या यांना मानाचे पान असते. अशा पंक्तीत केशारोपणाचा विषय घेऊन बसणे म्हणजे सोवळ्यातल्या पंगतीत ओवळ्याने पाट मांडण्यासारखे आहे, याची आम्हांस पुरती जाणीव आहे. तरीही ही धिटाई आम्ही करीत आहोत. गेल्या दीड-दोन वर्षांत देवळाच्या सभामंडपात, लग्नाच्या पंक्तीत, इतकेच नव्हे तर एकदा स्मशानातून परतताना वाटेवरही, अनेक गृहस्थांनी आमच्या कानाशी लागून विचारले आहे : ‘अहो, ते डोक्याचे तुम्ही करून घेतले म्हणे! दुखते का? किती लागले? धरतात का खरोखर?’ प्रत्येकास कोपऱ्यात नेऊन उत्तर देता देता आमचा जीव मेटाकुटीस आला. तेव्हा जे कुजबुजत दहा जणांस सांगितले ते एकदा मोठ्याने सांगावे, आणि जे कुणालाच सांगितले नाही तेही त्याच बैठकीत सांगून मोकळे व्हावे, असा विचार केला आहे.

आमच्या डोक्याने आजवर चार मुंडणे पाहिली. जावळ काढले ते आठवत नसल्यामुळे हिशेबात धरीत नाही. पहिले मुंडण मुंजीचे. आमचे घराणे गोव्याहून बेळगावास येऊन चार पिढ्या लोटल्या. घरात कोंकणी, बाहेर मराठी आणि कचेरीत कानडी असा आमचा त्रिवेणी संगम आहे. परंतु मुंज म्हटली की ती कुलदेवाच्या दारी, हा नेम कधी चुकला नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात अनमोडच्या घाटाने आम्हांस श्रीमंगेशीस नेण्यात आले. वय वर्षे आठ. न्हाव्याचा वस्तरा पाहताच आम्ही जो टाहो फोडला तो तळीच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेला असावा. तेव्हा आमच्या अप्पांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, आपले तुळतुळीत मस्तक आमच्यापुढे वाकवले आणि म्हणाले, ‘पळय, म्हजेंय माथें तशेंच!’ आम्ही रडता रडता हसलो, आणि तेवढ्यात वस्तरा फिरून गेला. अप्पांच्या त्या वाक्यात भविष्यवाणी दडली आहे, हे मात्र तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी आमच्या कपाळाने डोक्यावर चढाई सुरू केली. आधी दोन्ही बाजूंचे कोपरे गेले, मग टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी पडली, आणि पस्तिशीत त्या दोन प्रदेशांमध्ये विरळ केसांची एक खिंड तेवढी उरली. वैद्यकशास्त्राने या पायऱ्यांना क्रमांक दिले आहेत. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९५१ साली त्या मांडल्या आणि नॉरवूड या डॉक्टरांनी १९७५ साली त्यांत सुधारणा केली. एकूण पायऱ्या सात. सातवीत कानांपासून मानेवर फिरणारी केसांची झालर तेवढी शिल्लक राहते. आम्ही चौथीत होतो. आयुष्यभर मुलांना वरच्या वर्गात घालणाऱ्या मास्तरास देवाने पुन्हा चौथीत बसवले होते.

याचा दोष आम्ही बेळगावच्या पाण्यास, दुचाकीच्या शिरस्त्राणास आणि शाळेच्या खडूच्या धुळीसही देऊन पाहिला. तो सगळा अन्याय होता. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे द्रव्य बनते. ज्यांची केशमुळे जन्मतःच त्यापुढे हळवी असतात, त्यांच्या डोक्यावर दर खेपेस अधिक बारीक व अधिक आखूड केस उगवतो आणि शेवटी लव तेवढी उरते. हा वारसा केवळ आईच्या वडिलांकडून येतो, ही समजूतही अपुरी आहे. तो दोन्ही कुळांकडून येऊ शकतो. आमच्या बाबतीत शोध घेण्याची गरज नव्हती. तो काळ्या टोपीखाली रोज समोर दिसत होता.

मग दुःख कशाचे, असे कोणी विचारील. आमच्या आईनेही विचारले होते. ती म्हणाली, ‘पुता, देवाक माथें तेंकतना केंस कोण पळयता?’ देवापुढे मस्तक टेकताना केस कोण पाहतो! वचन खरे होते. परंतु मस्तक टेकून उठल्यावर माणसांत वावरावे लागते. एका लग्नात एका सोयऱ्याने आमच्याहून सहा वर्षांनी वडील असलेल्या आतेभावास, आमच्याकडे बोट दाखवून, ‘हे आपले थोरले बंधू का?’ असे विचारले. आम्ही हसलो, पण त्या दिवशी पंगतीत जिलबी कडू लागली. छायाचित्र काढतेवेळी मागच्या रांगेत जाण्याची आम्हांस सवय जडली. टक्कल हा काही रोग नव्हे. त्याने कोणाचा जीव जात नाही. तरीही ज्याच्या मनास ते टोचते त्याचे टोचणे खोटे नसते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

२०२२ साली आम्ही गुपचूप चौकशीस लागलो. प्रथम एका मोठ्या शहरातील झगमगीत दालनात गेलो. तेथे कोट घातलेल्या एका तरुणाने आमचे डोके अर्धा मिनिट न्याहाळले आणि ‘साडेचार हजार मुळे, एकाच बैठकीत, आजच आगाऊ रक्कम भरलीत तर सवलत’ असा कौल दिला. आपण डॉक्टर आहात काय, असे आम्ही विचारले. ते ‘सल्लागार’ निघाले. शस्त्रक्रिया कोण करणार, या प्रश्नास ‘आमची मंडळी तयार आहेत’ असे उत्तर मिळाले. आम्ही पादत्राणे शोधली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या शस्त्रक्रियेसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. ती रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच करावी, चित्रफिती किंवा कार्यशाळा पाहून ती शिकता येत नाही, आणि अडचणीच्या प्रसंगी रुग्णास सांभाळण्याची सोय जवळ असावी, असा त्यांचा आशय होता. पुढे २०२५ साली केशारोपणानंतर एक अभियंता दगावल्याची बातमी कानपुराहून आली, तेव्हा त्या सूचनांचे मोल आम्हांस नव्याने कळले. म्हणून विचारणाऱ्यास आम्ही पहिले उत्तर हेच देतो : दर विचारू नका, आधी हात कोणाचा ते विचारा.

पुढे हुबळीस एक त्वचारोगतज्ज्ञ भेटले. त्यांनी पाऊण तास आमच्याशी बोलण्यात घालवला. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, जखम बरी होताना गाठ धरते काय, वडिलांचे केस कोणत्या वयात कोठवर गेले, असे सर्व विचारून भिंगाच्या यंत्राने त्यांनी आमचे डोके इंच इंच पाहिले. मग म्हणाले, ‘मास्तर, वर्षभर औषध घेऊ. आरोपण नंतर.’ आम्ही हिरमुसलो. त्यांनी समजावले की, आरोपण गेलेली जागा भरते, पण जाणारे केस थांबवीत नाही. पुढे रोप लावले आणि त्यामागची जुनी झाडी तशीच गळत राहिली, तर काही वर्षांनी कपाळावर एक बेट आणि मागे ओसाड माळ असे चित्र दिसते. म्हणून गळती आधी आटोक्यात आणावी. त्यासाठी मिनॉक्सिडिलचे पाणी लावावयाचे आणि फिनास्टराइडची गोळी घ्यावयाची. गोळीने काही थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावते किंवा मन खिन्न होते. तसे वाटल्यास संकोच न करता ताबडतोब कळवा, असेही त्यांनी न लपवता सांगितले. विशी-बाविशीच्या मुलांना आपण बहुधा परत पाठवतो, कारण त्यांचे टक्कल कोठे थांबणार हे अजून कळलेले नसते, असे ते म्हणाले.

या विद्येचा इतिहासही त्यांच्याकडूनच ऐकला. १९३९ साली जपानच्या ओकुदा या डॉक्टरांनी केसांसह त्वचेचे लहान तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी लावल्याचे लिहून ठेवले होते. परंतु ते पाश्चात्त्य देशांत फारसे कोणाच्या वाचनात आले नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर ऑरेंट्राइख यांनी १९५२ साली टकलावर असे आरोपण केले आणि १९५९ साली त्यामागील तत्त्व प्रसिद्ध केले. ते तत्त्व असे : केस ज्या जागेचा, त्या जागेचा गुण तो नव्या जागीही सोडत नाही. मानेवरचे व कानांमागचे केस त्या द्रव्यापुढे सहसा नमत नाहीत, म्हणून ते पुढे आणून लावले तरी टिकतात. हे ऐकताच आम्हांस आमच्याच मंडळींची आठवण झाली. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून श्रीमंगेशाची स्थापना प्रियोळास झाली, मंडळी कोणी कारवारास, कोणी बेळगावास, कोणी इंदूर-बडोद्यास पांगली. पण घरातली कोंकणी आणि कुलदेवाची ओढ पिढ्यान्‌पिढ्या सुटली नाही. स्थलांतरित केसाचे वागणे आमच्यासारख्यांस समजावून सांगावे लागत नाही!

मात्र मागचा साठा मर्यादित असतो, ही मुख्य गोष्ट. केस एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचा एकेक गुच्छ असतो. मागच्या बाजूस एका चौरस सेंटिमीटरात असे साधारण ६५ ते ८५ गुच्छ असतात, आणि मागची जागा विरळ न दिसू देता आयुष्यभरात त्यांतले सुमारे चार ते सहा हजारच काढता येतात. काढला तेथे तो पुन्हा उगवत नाही. देवस्थानाचा कायम निधी जसा एका उत्सवाच्या थाटात उधळावयाचा नसतो, तसाच हा साठाही. आम्हांस ज्या दालनात साडेचार हजारांचा कौल मिळाला होता, तेथे आमचा सारा निधी एका दिवसात संपला असता आणि पन्नाशीत टाळू उघडी पडली असती तेव्हा तिजोरी रिकामी असती. हुबळीच्या डॉक्टरांनी एकवीसशे गुच्छांवर बेत आटोपला. कपाळाची रेघ आम्ही विसाव्या वर्षाची मागितली. त्यांनी ती बोटभर मागे, कोपऱ्यांत किंचित आत घेतलेली आणि मुद्दाम जराशी वेडीवाकडी आखली. ‘ही रेघ तुम्हांला साठाव्या वर्षीही वागवायची आहे,’ असे ते म्हणाले.

कोणाही दुसऱ्याचे केस लावता येत नाहीत काय, तिरुपतीस तर केसांचे डोंगर पडतात, असे आम्हांस किमान पाच जणांनी विचारले आहे. लावता येत नाहीत. कापलेल्या केसास मूळ नसते. आणि मुळासकट आणला तरी परक्याचा अंश आपले शरीर स्वीकारीत नाही. तिरुपतीच्या केसांचा लिलाव होऊन ते उत्पन्न देवस्थानास मिळते, एवढाच त्यांचा व्यवहार.

दुसरे मुंडण २०२३ च्या मार्गशीर्षात, हुबळीच्या त्या शस्त्रक्रियागृहात झाले. मागून कातडीची पट्टी काढून शिवण्याची एक रीत आहे. एकेक गुच्छ वेगवेगळा टिपून काढण्याची दुसरी, जी २००२ पासून वैद्यकीय लिखाणात आली. आमची दुसरी होती, आणि तीसाठी सारे डोके भादरावे लागते. आम्ही हसत हसत खुर्चीत बसलो आणि मस्तक पुढे केले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढे ती आमच्या अंगावर उलटणार आहे. भुलीच्या सुया टोचल्या तेवढी दहा-पंधरा मिनिटे डोळ्यांत पाणी आले. पुढे सात तास दुखणे असे नव्हतेच. पालथे पडून मागचे गुच्छ निघाले. मधे दहीभात मिळाला. मग उताणे पडून ते एकेक करून पुढे रोवले गेले. हे सारे कातडीतच चालते, मेंदूशी त्याचा काही संबंध नसतो; आमच्या सौभाग्यवतींचा तोच पहिला प्रश्न होता. खर्च एक लाख दहा हजार रुपये झाला.

पुढचे दहा दिवस हेच खरे पथ्याचे. तेवढ्यात रोवलेली मुळे धरतात. त्याआधी धक्का लागला, नखाने खाजवले किंवा नळाची धार जोराने पडली, तर ती निसटू शकतात. चार-पाच रात्री उशा रचून अर्धवट बसल्यासारखे निजावे. सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याचे तुषार मारावेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळास सूज येऊन ती डोळ्यांवर उतरते. आम्ही आरशात पाहून दचकलो, पण ती दोन-तीन दिवसांत ओसरली. सांगितलेल्या रीतीने हलके धूत गेल्यावर आठ ते दहा दिवसांत खपल्या निघून जातात. वाढता ताप, पू, वाढते दुखणे किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसला, तर मात्र घरगुती लेप न लावता डॉक्टरांस गाठावे.

देवळात येणाऱ्या मंडळींच्या शंका थोड्या निराळ्या असतात, म्हणून त्या वेगळ्या सांगतो. पहिले दहा दिवस साष्टांग नमस्कार घालू नये व कपाळ भुईस टेकू नये. हात जोडावेत, देव रागावत नाही. गंध लावावयाचे ते भुवयांच्या मध्ये, आरोपणाच्या रेघेस बोट न लावता. घट्ट टोपी व पगडी वर्ज्य. सैल टोपी डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. पालखीस खांदा देणे, फुगडी, घामाची कामे यांना दोन ते चार आठवडे रजा. तळीत, नदीत, समुद्रात बुडी मारणे महिनाभर नको. नरकचतुर्दशीचे अभ्यंग त्या पंधरवड्यात येत असेल, तर तेल अंगास लावावे, डोक्यास नव्हे. शस्त्रक्रियेस एकादशी निवडू नये, कारण उपाशी पोटी लांब बैठक सोसत नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. काढे, चूर्णे आणि तंबाखू यांविषयी डॉक्टरांपुढे खोटे बोलू नये.

खोटे बोलण्याचा विषय निघाला, तेव्हा आता मुद्द्यावर येतो.

आम्ही घरी खोटे बोललो होतो. सौभाग्यवती सोडून कुणासही काही सांगितले नव्हते. अप्पांना सांगण्याची लाज वाटली. ज्यांनी आपले टक्कल चाळीस वर्षे काळ्या टोपीखाली निमूट वागवले, त्यांना ‘आम्हांस आपला वारसा नको’ असे तोंडावर सांगण्यासारखे ते होते. बारा दिवस आम्ही हुबळीस मित्राकडे राहिलो आणि मुंडलेल्या डोक्याने घरी आलो. अप्पांनी चकित होऊन पाहिले, आणि आमच्या तोंडून शब्द निघून गेले : ‘तिरुपतीस जाऊन आलो. केस वाहिले.’

अप्पांचा चेहरा जो उजळला, तो आम्ही जन्मात विसरणार नाही. त्यांनी हात पुढे केला आणि विचारले, ‘प्रसाद हाडला मरे?’ प्रसाद होता. मित्राच्या शेजाऱ्यांकडे कोणी यात्रेहून आले होते, त्यांनी दिलेला अर्धा लाडू पिशवीत होता. तोच आम्ही पुढे केला. लाडू खरा, देव खरा, आणि मधला आणणारा तेवढा खोटा. अप्पांनी तो डोळ्यांना लावला, कणभर तोंडात टाकला आणि उरलेला देव्हाऱ्यात ठेवला.

पुढे ठरल्याप्रमाणे महिन्याभराने रोवलेले केस गळू लागले. ही सर्वांत मोठी धास्ती, म्हणून सांगून ठेवतो : दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत रोवलेला केस बहुधा गळतो, मूळ आत शाबूत राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा अंकुर दिसतो, सहाव्या-सातव्यात निम्मे काम दिसते आणि पुरते फळ हाती यावयास बारा ते अठरा महिने लागतात. माघातल्या जत्रेस श्रीमंगेशीस गेलो तेव्हा कपाळ पूर्ववत उजाड होते, आणि गर्भगृहासमोर उभे राहून आम्ही संततीचे वा संपत्तीचे काही न मागता केस मागितले. लिहिताना आज लाज वाटते, पण मागितले खरे.

चैत्र संपता संपता अंकुर दिसू लागले. रोज सकाळी आरशापुढे आम्ही ते मोजीत असू. आणि वैशाखात, २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, एका रात्री अडीच वाजता अप्पा झोपेतच गेले.

आम्ही एकुलते चिरंजीव. अग्नी देणाऱ्याने क्षौर करावयाचे, हा आमच्या घरचा नियम. सात वाजता न्हाव्यास बोलावणे धाडायचे ठरले. अप्पा माजघरात निजले होते, आई उशाशी बसली होती, समई तेवत होती. आणि पहाटे चार वाजता आम्ही गच्चीवर जाऊन, कठड्यास टेकून, हुबळीस दूरध्वनी करीत होतो. उपाध्यायांना अजून कळवलेले नव्हते. आत्याला कळवलेले नव्हते. वडील गेल्यानंतर आम्ही पहिली हाक मारली ती केसांसाठी.

डॉक्टरांनी ऐकून घेतले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मास्तर, वाईट झाले. केसांची चिंता करू नका, पाच महिने झाले आहेत. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो. मूळ चार-पाच मिलिमीटर खाली आहे. नवे पाते घ्यायला सांगा, दाबून फिरवू नको म्हणा. एवढेच.’ मग हळूच म्हणाले, ‘हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते.’ सांगितले होते खरे. भीतीने ते आमच्या डोक्यातून पुसले गेले होते.

खाली उतरताना जिन्यात आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मार्गशीर्षात केसांसाठी सारे डोके भादरून घेताना आम्ही हसत बसलो होतो; आज अप्पांसाठी तेच करताना आमचा पाय जिन्यावर अडखळला. ते तिसरे मुंडण. न्हाव्याचा हात कपाळावरच्या कोवळ्या केसांवरून गेला तसा तो थबकला. ओळखीचा माणूस, त्याला कळले असावे. त्याने काही विचारले नाही. पाणी अधिक लावले आणि वस्तरा हलका धरला. आम्हांस मंगेशीचे अंगण आठवले आणि ते वाकवलेले तुळतुळीत मस्तक. या वेळी समजूत घालणारे कोणी नव्हते.

तेराव्या दिवसानंतर आम्ही आईस सर्व सांगितले. हुबळी, लाडू, गच्चीवरचा दूरध्वनी, काही लपवले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. आम्हांस वाटले, ती म्हणेल, जाऊ दे, झाले ते झाले. ती तसे म्हणाली नाही. म्हणाली, ‘देवाचें नांव घेतलां न्हय? तर रीण फारीक कर.’ देवाचे नाव घेतले आहेस, तर ऋण फेड.

केस पुन्हा आले. वस्तऱ्याने एकाचेही नुकसान झाले नव्हते. वर्षश्राद्ध झाले तोवर कपाळावर चांगली झालर उतरली होती, आणि आयुष्यात प्रथमच एका छायाचित्रात आम्ही पुढच्या रांगेत उभे राहिलो. २०२५ च्या श्रावणात आईस घेऊन तिरुमलेस गेलो. कल्याणकट्ट्यावर रांगेत बसलो. शेजारी एक वृद्ध शेतकरी होता, पलीकडे एक तान्हे मूल रडत होते. आमच्यापुढे पाण्याचे भांडे आले, आणि वीस महिने जपलेले, दीड वर्ष औषध घालून वाढवलेले, गुच्छागुच्छाने मोजलेले केस दोन मिनिटांत मांडीवर पडले. भय वाटले नाही, असे म्हणणार नाही. पण या वेळी आम्ही कोणास दूरध्वनी केला नाही.

उतरताना लाडू घेतले. त्यातला एक घरी देव्हाऱ्यात ठेवला, जेथे अप्पांनी तो अर्धा ठेवला होता.

आता वाचकांपैकी कोणी विचारील, की इतके झाल्यावर तुम्ही केशारोपण करू नका असे सांगता काय? तसे आम्ही सांगत नाही. ज्याच्या मनास टक्कल टोचते त्याने जाणत्या डॉक्टरांकडे जावे, वर्षभर थांबण्याची तयारी ठेवावी, साठा जपून वापरावा आणि घरातल्यांना खरे सांगून जावे. पहिल्या महिन्याच्या आत सुतकाचा प्रसंग आलाच, तर काय करावे हे आम्ही आमच्या उपाध्यायांना मागाहून विचारले. ते म्हणाले, जखमी व आजारी माणसास शास्त्राने सवलत ठेवली आहे. नुसते सांगा, आम्ही मार्ग काढू. म्हणजे तेथेही खरे सांगण्यावाचून गत्यंतर नाहीच.

हे लिहितेवेळी आमचे केस पुन्हा कंगव्यास लागू लागले आहेत. अप्पांची काळी टोपी खुंटीवर आहे. कधी बाहेर जाताना आम्ही ती घालतो. सैल होते, पण ऊन चांगले अडवते.